शनिवारची मुदत दिली म्हणून परदेशी नोकरीच्या एजंटला पैसे देऊ नकोस रे!

आज नाशिकरोडच्या बिटकोजवळ एका निवृत्त गनरची फाईल बघितली आणि डोकं सणकलं. तोफखान्यात १७ वर्षं काढलेला गडी. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), दहावीचं सर्टिफिकेट, सगळं प्लास्टिकच्या कव्हरांत क्रमाने लावलेलं. शेवटच्या कव्हरात कुवेतमधल्या अमेरिकी तळावर सिक्युरिटी गार्डच्या नोकरीचं ऑफर लेटर. त्यावर कंपनीचा पत्ता नाही, ड्युटीचे तास नाहीत. व्हिसा? व्हिजिट! आणि एजंटला हवेत २ लाख ८० हजार, रोख.

अरे, १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटला जास्तीत जास्त ३० हजार घेता येतात, वर १८ टक्के जीएसटी. झाले ३५,४००. आणि अमेरिकी सरकारच्या कंत्राटावर तर कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायलाच बंदी आहे, पासपोर्ट काढून घ्यायलाही. म्हणजे नोकरी खरी असेल तर ही मागणी बेकायदा, आणि मागणी पुरी केली तरी नोकरीची खात्री शून्य.

"तिथे गेल्यावर व्हिसा बदलून देतो" हे तर ऐकूच नका. व्हिजिटवर काम करताना पकडलं की तिथे गुन्हेगार तुम्ही ठरता, एजंट नाही. रशियात 'मदतनीस' म्हणून नेलेली आपली पोरं थेट युक्रेन युद्धाच्या आघाडीवर पोचली. सीबीआयचा गुन्हा मार्च २०२४ मध्ये दाखल झाला, तोवर काहींचा जीव गेला होता.

सगळेच एजंट लुटारू नसतात, मान्य. पण खरी मेख वेगळीच आहे. आपले जवान दहावी पास, म्हणून पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे कामाला परदेशी जाताना सरकारी परवानगी न लागणारा. याचा अभिमान वाटतो, पण त्यामुळेच एमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही आणि जाण्याआधी तुमचा करार कुठलाही सरकारी माणूस वाचत नाही. तो तुम्हालाच वाचावा लागतो. एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः टाकून बघा. एम्प्लॉयमेंट व्हिसाची प्रत हातात येईपर्यंत राजीनामा नाही, पैसे नाहीत. अमेरिकी कंत्राट असेल तर १९४१ च्या डिफेन्स बेस ॲक्टचा विमा कोणत्या कंपनीचा, हे लेखी मागा. जखमी झालात किंवा जीव गेला तर तो विमा भारतीय माणसालाही लागू होतो, मात्र इजेची लेखी सूचना ३० दिवसांत आणि दावा एका वर्षात करावा लागतो. घरच्यांकडे त्या कागदाची प्रत ठेवून जा, नाहीतर दावा करणार कोण? दुबईत गार्ड व्हायचं असेल तर सिराचं (तिथल्या सुरक्षा क्षेत्राच्या सरकारी नियामकाचं) प्रशिक्षण आणि परवाना लागतो, डिस्चार्ज बुकवर भागत नाही.

त्या गनरचा राग येत नाही हो. फौजेत शिक्का मारलेल्या कागदावर शंका घ्यायची सवयच नसते. ऑर्डर आली की निघायचं. ते पत्र दाखवताना त्याने कव्हर हाताने पुसलं, इतकं जपून ठेवलं होतं.

एजंटने शनिवारपर्यंतची मुदत दिलीय त्याला. देवळाली, भगूर, सिन्नरकडे तुमच्या ओळखीत कुणाच्या हातात असलंच पत्र असेल तर त्या माणसाला आजच फोन करा.