प्रबंधांची थट्टा करणाऱ्या त्या मजकुराला उत्तर

एमए-पीएचडीच्या विद्यार्थ्यांची खिल्ली उडवणारा एक मजकूर गेले काही दिवस या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: समाजशास्त्र, इतिहास, भाषा, राज्यशास्त्र असल्या विषयांतले विद्यार्थी सगळ्यांना ठाऊक असलेलीच गोष्ट तीनशे पानांत सांगतात. पुरावा म्हणून पाच-पन्नास जणांशी गप्पा मारतात. निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. त्या कामाने जगात कुणाचं काही अडत नाही, आणि आता तर एआय तेच तासाभरात लिहून देतो.

मजकूर चुरचुरीत आहे, म्हणून लोक पुढे ढकलतात. हे काम जवळून पाहिलेलं असल्यामुळे मला तो सोडून देता येत नाही.

"सगळ्यांना ठाऊक असलेलंच सांगतात"

नोकरी कुणाच्या ओळखीने लागते? कुणीही सांगेल, जवळच्या माणसाच्या. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी हार्वर्डमधल्या पीएचडीसाठी हा प्रश्न नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारला. प्रबंध १९७० मध्ये पूर्ण झाला. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती त्यांना त्यांनी पुढचा प्रश्न केला: ज्याने ही खबर दिली, तो तेव्हा तुम्हाला कितीदा भेटायचा? आठवड्यातून निदान दोनदा भेटणारे निघाले जेमतेम १७ टक्के. वर्षातून एखादवेळी किंवा त्याहूनही क्वचित भेटणारे २८ टक्के. बाकीचे अधूनमधून भेटणारे. जवळच्या माणसांना आपल्याला असलेलीच माहिती असते, नवी खबर येते ती लांबच्या ओळखीतून, हे त्यावरून पुढे आलं. आता ऐकल्यावर ते उघड वाटतं. "हे तर माहीतच होतं" हे वाक्य नेहमी उत्तर कळल्यानंतरच का येतं, याचा विचार मजकूर लिहिणाऱ्याने करावा.

"पाच-पन्नास जणांशी गप्पा"

वरचे टक्के ५४ माणसांचे आहेत. २०२२ मध्ये लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जोडणाऱ्या संकेतस्थळाच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांच्या माहितीवर हीच कल्पना तपासली गेली तेव्हा ती मोडून पडली नाही, उलट नेमकी झाली: अगदी पुसट नव्हेत, पण बऱ्यापैकी सैल ओळखी सर्वांत उपयोगी पडतात. दोन कोटींच्या माहितीला काय विचारायचं, हे त्या ५४ जणांच्या उत्तरांतून कळलेलं होतं.

आणि गप्पा म्हणाल, तर एका तासाच्या मुलाखतीचं शब्दन् शब्द लेखन करायला पाच-सहा तास सहज जातात. बोलणारा कुठे अडला, कोणता प्रश्न टाळला, आधी एक सांगून नंतर दुसरं काय म्हणाला, हे सगळं टिपायचं असतं. "घरात निर्णय कोण घेतं?" या प्रश्नावर प्रश्नावलीत "दोघं मिळून" अशी खूण करणारी बाई अर्ध्या तासाने सहज म्हणून जाते, "पण ह्यांना विचारल्याशिवाय नाही हं काही." प्रश्नावली तिथेच थांबली असती, तर ती खूणच पुरावा ठरली असती. अशी दोन उत्तरं शेजारी ठेवून त्यांचा अर्थ लावणं हे कौशल्य आहे, आणि ते शिकायला वर्षं लागतात.

"निष्कर्ष आधीच ठरलेला असतो"

इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला पीएचडीसाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताचे बडे पुरस्कर्ते होते. मानवी कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे का, हा विषय होता आणि मार्गदर्शकांना कोणतं उत्तर हवं होतं ते उघड होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहिलं. परदेशातली एक विद्यार्थिनी, सगळी सत्ता मार्गदर्शकाच्या हाती, आणि तरीही प्रबंधात मापं सांगतील तेच आलं. विद्यार्थ्याचं संशोधन म्हणजे काय, हे मला यातून सर्वांत स्वच्छ दिसतं.

खोटेपणा होतच नाही असं मी म्हणणार नाही. उचलेगिरी होते, पैसे देऊन प्रबंध लिहून घेतले जातात, त्याचा मला मनापासून संताप आहे. २०१४ च्या डिसेंबरमध्ये 'सायन्स' या विज्ञानविषयक नियतकालिकात आलेला एक निबंध पुढच्या मे महिन्यात मागे घ्यावा लागला. दारोदार जाऊन बोलल्याने लोकांची मतं बदलतात असा त्याचा दावा होता, आणि ज्याने ती माहिती सादर केली तो पीएचडीचाच विद्यार्थी होता. पण पकडलं कुणी? तशीच पाहणी पुढे न्यायला निघालेल्या डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला या तरुण अभ्यासकांनी. ब्रुकमन तेव्हा स्वतः कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलेत, पीएचडीच करत होते. त्यानंतर दोघांनी खरीखुरी पाहणी केली आणि २०१६ मध्ये दाखवून दिलं की दहा मिनिटांच्या मोकळ्या संभाषणानेही पूर्वग्रह कमी होतो आणि तो परिणाम काही महिने टिकतो. ज्यांची फसवेगिरी उघडी पाडली, त्यांच्याच दाव्याला बळ देणारा निष्कर्ष त्यांनी छापला. आधी ठरवून काम करणारी माणसं असं करत नाहीत.

"कुणाचं काही अडत नाही"

हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी लिहिलं की, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की देशाची वाढ खुंटते; सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येते. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्यांनी हा आकडा ढालीसारखा वापरला.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी वर्गातला सराव म्हणून तेच गणित पुन्हा मांडत होता. उत्तर काही केल्या जुळेना. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल फाइल मागितली आणि त्यांनी ती पाठवली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. सरासरीच्या सूत्रात २० पैकी १५ च देश घेतले गेले होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क बाहेर राहिले होते. शिवाय काही देशांची काही वर्षं हिशेबात नव्हती, आणि न्यूझीलंडच्या एकाच वाईट वर्षाला ब्रिटनच्या १९ वर्षांइतकं वजन मिळालं होतं. हर्न्डनने आपल्या दोन प्राध्यापकांसह हे सगळं दुरुस्त केलं तेव्हा उणे ०.१ च्या जागी २.२ टक्के आले. लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली. जास्त कर्जाबरोबर वाढ मंदावते, या मतावर मात्र ते ठाम राहिले. तो वाद चालू राहो, पण ढाल म्हणून वापरलेला आकडा २०१३ च्या एप्रिलमध्ये गेला, तो एका विद्यार्थ्याच्या गृहपाठामुळे.

बहुतेक प्रबंध फार थोडे लोक वाचतात, हे खरं आहे. तपासणीच्या कामाला गर्दी लागत नाही.

"एआय तासाभरात लिहून देतो"

जे आधी कुणी लिहून ठेवलंय त्याची मांडणी तो करेल, चांगलीही करेल. पण ज्या माणसाची मुलाखत कुणी घेतलेलीच नाही, जी कागदपत्रं दप्तरात बांधून पडली आहेत, त्यांतलं त्याला काय माहीत? न झालेल्या मुलाखतीतली वाक्यं त्याने लिहून दिली, तर त्याला संशोधन म्हणत नाहीत, बनावट पुरावा म्हणतात.

मजकूर लिहिणाऱ्याला एवढंच सांगणं आहे: कोणताही एक प्रबंध उघडा, संशोधन पद्धतीचं प्रकरण काढा, माणसं किंवा कागदपत्रं कशी निवडली ते बघा आणि तिथे चूक सापडली तर पान क्रमांकासह लिहा. ती टीका मी स्वतः पुढे पाठवेन.