मादीला दुसरा हिवाळा काढू द्या, मग जोडी लावा

बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे गळ्याखाली दाढीसारखी काटेरी कातडी असलेला ऑस्ट्रेलियन सरडा, पाळणारे लोक एक प्रश्न मला सारखा विचारतात. मादी दहा महिन्यांची झालीये, नराची दाढी काळी पडायला लागलीये, दिवसभर मान झटकत असतो, आता दोघांना एकत्र सोडू का? माझं उत्तर दरवेळी एकच असतं, नका सोडू. नर तयार आहे यावरून मादी तयार आहे असं ठरत नाही, आणि या सगळ्यात जिवावर बेतलं तर ते तिच्याच बेततं, त्याच्या नाही.

ही जात 8 ते 12 महिन्यांत वयात येते हे खरंय, त्या वयात मेटिंग होतं, अंडीही पडतात आणि त्यातून पिल्लंही निघतात, म्हणूनच लोकांना वाटतं की जमलं की. पण पहिल्या वर्षात त्या मादीच्या शरीरात काय चाललेलं असतं ते बघा. अंड्यातून निघाली तेव्हा ती जेमतेम 2-3 ग्रॅमची होती, तिथून वर्षभरात ती शेकडो ग्रॅमची होते, म्हणजे खाल्लेलं सगळं कॅल्शियम हाडं बांधण्यातच जात असतं आणि ते काम अजून पूर्ण झालेलं नसतं. त्यात आपण तिच्यावर अंडी लादतो. एका क्लचमध्ये, म्हणजे एका वेळच्या अंड्यांच्या खेपेत, साधारण 15 ते 30 अंडी असतात, एकेक अंडं 3 ग्रॅमच्या आसपास, 20 अंडी धरली तरी 60 ग्रॅम झाले, म्हणजे 400 ग्रॅमच्या मादीच्या वजनाचा सातवा हिस्सा एका दिवसात बाहेर पडतो. आणि हे सगळं तिने खाण्यातून कमावलेलं नसेल तर शरीर हाडांमधून काढून घेतं. मग बोटं थरथरायला लागतात, जबडा मऊ पडतो, मागचे पाय ओढत चालते, आणि तेव्हा कॅल्शियमची पावडर आणायला धावून फार काही हाती लागत नाही.

बरं, हे एका क्लचवर थांबत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट नवीन लोकांना कोणी सांगत नाही. मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते. एकदा मेटिंग झालं की तीन ते पाच आठवड्यांच्या अंतराने दुसरा क्लच येतो, मग तिसरा, कधी चौथा, नर परत समोर आला नाही तरी. म्हणजे तुम्ही "एकदा ट्राय करून बघू" म्हणून दहा मिनिटं एकत्र सोडता आणि ती पुढचा सगळा सीझन अंडी घालत राहते. मधे थांबवायचं बटण नसतं. म्हणून मी म्हणते की मादी किमान दीड, खरं तर दोन वर्षांची हवी, वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या वर हवं आणि ते वजन चरबीचं नको, शेपटीच्या मुळाशी भरलेली पण पोट लोंबत नसलेली अशी मादी हवी. आणि दुसऱ्या टोकालाही हेच, पाच-सहा वर्षांच्या मादीला आता पुरे म्हणावं.

आता सीझन. लोक विचारतात कोणत्या महिन्यात जोडी लावायची. महिना बघून काही कळत नाही. हे प्राणी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातले, तिथे जून ते ऑगस्ट हिवाळा, तेव्हा ते बिळात किंवा ओंडक्याखाली सुस्त पडून असतात, सप्टेंबरमध्ये ऊन तापायला लागलं की बाहेर येतात, नर उंच जागा पकडून बसतात आणि वीण सुरू होते. पण ऑस्ट्रेलियाने वन्यजीवांची व्यापारी निर्यात 1960च्या दशकातच बंद केली, त्यामुळे बाहेरच्या देशांत आज जे प्राणी आहेत ते कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत आणि त्यांचा ऋतू दिव्यावर चालतो. तुमच्या टायमरवर बारा महिने चौदा तास उजेड असेल तर त्या प्राण्याला हिवाळा माहीतच नाही. हिवाळा तुम्हालाच द्यावा लागतो.

तो कसा द्यायचा, तर आधी विष्ठा तपासून घ्यायची, पोटात जंत असलेला किंवा बारीक झालेला प्राणी झोपवायचा नाही, एक वर्षाच्या आतला तर अजिबात नाही. खाणं बंद केल्यावर थोडे दिवस दिवा नेहमीसारखाच ठेवायचा म्हणजे पोटातलं सगळं पचून बाहेर पडतं, पोटात किडे राहून गारठा झाला तर ते आतच सडतात. मग उजेड हळूहळू 8-10 तासांवर आणायचा, उष्णता कमी करायची, प्यायला पाणी मात्र द्यायचं आणि अधूनमधून वजन करायचं. दीड-दोन महिन्यांनी तसंच हळूहळू परत 12-14 तासांवर न्यायचं, बास्किंगची, म्हणजे दिव्याखाली ऊब घेत बसायची जागा पुन्हा 40 अंशांपर्यंत तापवायची. काही जण म्हणतात एवढं न करताही मेटिंग होतं. होतं ना, कोण नाही म्हणतंय, पण या विश्रांतीत मादीचं अंडी बनवायचं चक्र थांबतं आणि तिला वर्षातले काही महिने मोकळे मिळतात, मला त्यासाठीच ते हवं असतं. आणि उठल्या उठल्या नर दाखवायचा नाही! तीन-चार आठवडे पोटभर खाऊ द्या, कॅल्शियम, चांगला यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा), वजन परत जागेवर आलं की मग बघा.

मेटिंग दिसायला रांगडं असतं, नर तिच्या मानेची कातडी तोंडात धरून वर चढतो, किरकोळ खुणा राहतात, त्याने घाबरू नका. पण आपण समोर बसायचं आणि काम झालं की वेगळं करायचं. नर-मादी कायम एकत्र ठेवणं मला पटत नाही, तो तिला सुखाने बसूच देत नाही.

मग चार ते सहा आठवडे थांबायचं. दिवस भरत आले की मादीचं पोट दोन्ही बाजूंनी फुगतं आणि कुशीवरच्या कातडीखाली एकेका अंड्याची गोलाई वेगळी दिसते, द्राक्षाचा घड पिशवीत भरल्यासारखी. खाणं सोडते, काचेला नखं घासत राहते, कोपरे उकरते. तेव्हा तिला ओलसर माती-वाळूचा खोल डबा लागतो, फूटभर तरी, आणि ओल एवढी की बोट घालून भोक पाडलं तर ते ढासळायला नको. मी हे कितीदा बघितलंय तरी दरवेळी बघत बसते, ती पुढच्या पायांनी उकरते, मागच्या पायांनी माती मागे लोटते, सगळी आत शिरते, मग उलटी फिरून फक्त डोकं बाहेर ठेवून बसते. नंतर नाकाने माती दाबून दाबून भोक असं बुजवते की वरून काही कळत नाही. तेव्हा हलवायचं नाही, फोटोसाठी दिवा मारायचा नाही. दोन दिवस उकरूनही अंडी पडली नाहीत आणि मादी मलूल झाली तर वाट बघू नका, सरळ सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या, अंडी आत अडकली असतील तर तास महत्त्वाचे असतात.

अंडी काढताना वरची बाजू वरच ठेवायची, पेन्सिलीने हलकी खूण करून, कारण आतला गर्भ एका जागी चिकटतो आणि अंडं फिरलं तर मरतो. ओलसर व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज), 28-29 अंश, 55 ते 75 दिवस. लवकर निघावीत म्हणून तापमान चढवू नका, 32 अंशांच्या वर गेलं की जनुकांनी नर असलेली पिल्लं मादी होऊन जन्माला यायला लागतात. अशा माद्या ऑस्ट्रेलियातल्या जंगलातही सापडल्याचं 2015 साली संशोधकांनी जाहीर केलं. जंगलात जे होतं ते होऊ द्या, तुमच्या इन्क्युबेटरला चांगला थर्मोस्टॅट लावा.

आणि पिल्लांचं काय करणार हे मेटिंगच्या आधी ठरवा. तीन क्लच म्हणजे साठ-सत्तर पिल्लं, दिवसातून दोन-तीनदा बारीक जिवंत किडे, आणि दाटीत ठेवली की एकमेकांची शेपटीची टोकं आणि बोटं चावून खातात, त्यामुळे टब वेगवेगळे, दिवे वेगवेगळे. तेवढी जागा नसेल तर ताजी अंडी पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवा. ऐकायला कठोर वाटतं, पण मला कुपोषित पिल्लं वाटत फिरण्यापेक्षा हे कितीतरी बरं वाटतं.

जोडी निवडतानाही दोन गोष्टी बघा. एकाच क्लचमधली भावंडं नकोत आणि लेदरबॅकवर लेदरबॅक (पाठीवरचे काटे कमी करून वाढवलेला, गुळगुळीत पाठीचा प्रकार) नको. त्या जोडीत सरासरी चारातलं एक पिल्लू सिल्कबॅक निघतं, अंगावर खवलेच नाहीत, कातडी भाजते, फाटते, कात नीट टाकता येत नाही, आणि ती मादी असेल तर नराच्या चाव्याने रक्तबंबाळ होते. रंग छान दिसतो म्हणून असा जीव मुद्दाम जन्माला घालायला माझा स्पष्ट विरोध आहे. शिवाय दोघांची अॅडेनोव्हायरसची टेस्ट करून घ्या, वरून ठणठणीत दिसणारा प्राणी विष्ठेतून तो पसरवत असतो आणि पिल्लं पटापट जातात.

अजून एक, कधीच नर न भेटलेली, एकटीच ठेवलेली मादीही अंडी घालते. नराशिवाय. बरेच जण याचा अर्थ लावतात की तिला आता जोडीदार पाहिजे, आणि नर घेऊन येतात. तसं काही नसतं, ती अंडी रिकामी असतात, त्यातून पिल्लं निघणार नाहीत. तिलाही तसाच खोल ओला डबा द्या, घालू द्या, मग कोमट पाण्यात बसवा, पाणी पाजा, कॅल्शियम आणि भरपूर खाणं द्या, थोडे दिवस उजेडाचे तास कमी करा. नर आणायची काही गरज नाही.