पाठमोऱ्या चौघी

बारावीचा निकाल लागला. नागपूरच्या मोमीनपुऱ्यातल्या पोट्टीनं सायन्सला ६०० पैकी ५६५ घेतले. ९४.१७ टक्के. आणि शहर पानावर फोटो कोणाचा? काळे बुरखे घालून पाठमोऱ्या चाललेल्या चार बायांचा. खाली बारीक अक्षरात 'संग्रहित छायाचित्र'. वर मथळा : 'बुरख्याआडच्या जिद्दीला सलाम!' उद्गारचिन्हासकट.

शेजारच्याच बातमीत धरमपेठेतल्या पोराला आई पेढा भरवते आहे, बाप मागे उभा राहून हसतो आहे. निकालाच्या दिवशी पेढ्याचा फोटो हा आपल्याकडे जन्मसिद्ध हक्क. मग हिचा पेढा कुठं गेला? फोटो मिळाला नाही म्हणता? तोच अंक घ्या, पान सात उघडा. कोचिंग क्लासची पानभर जाहिरात. दुसरी ओळ, डावीकडून तिसरी : तीच पोट्टी, तेच नाव, तेच मार्क. चष्मा, वेणी, गळ्यात ओढणी. जाहिरातवाल्यांना तिचा चेहरा ठाऊक आणि बातमीवाल्यांना नाही. दोघांच्या मधे एक जिना असतो, राजेहो, एक जिना! आणि ती बुरखा घालत असती, तरी फोटो तिचाच लागायला हवा होता ना? त्या चौघींनी कुठला पेपर दिला होता?

पट्टी लावून मोजलं. फोटो तीन कॉलम. मुलीचं नाव चौथ्या परिच्छेदात, तेही वडिलांच्या शिलाई मशीननंतर. फिजिक्समध्ये किती पडले, पुढं काय करणार, यावर एक ओळ नाही. 'उंबरठा ओलांडला' मात्र दोनदा. कोणता उंबरठा? पोट्टी दोन वर्षं रोज सकाळी कॉलेजला आणि संध्याकाळी क्लासला जात होती, तेव्हा काय खिडकीतून उडी मारत होती?

हे होतं कसं, तेही ऐका. रात्री साडेदहा वाजलेले असतात, पान सोडायचं असतं. पान लावणारा डेस्कवरचा माणूस जुन्या फोटोंच्या संग्रहात 'मुस्लिम महिला' टाइप करतो. आता संग्रहात फोटो चढवताना शब्द कसे दिले जातात? बुरखा दिसला की 'मुस्लिम महिला'. बुरखा नसेल तर 'महिला', 'ग्राहक', 'बाजारात गर्दी'. बँकेच्या काउंटरमागची, वकिलाच्या काळ्या कोटातली, इतवारीत साडी निवडणारी, या साऱ्या 'महिला' म्हणून आत जातात आणि 'मुस्लिम' म्हणून शोधलं की सापडत नाहीत. त्यात पाठमोरा फोटो डेस्कच्या फार सोयीचा. चेहरा नाही म्हणून परवानगी नको, नाव नको, सकाळी कोणाच्या भावाचा फोनही येत नाही. रस्त्यापलीकडून लांब लेन्सनं काढला की चार बाया एकमेकींना चिकटून घोळका वाटतो. तो कोणत्याही तारखेला, कोणत्याही बातमीला चालतो. मोबाइलवर तर फोटो आणि मथळा एवढंच दिसतं. बातमी उघडतो कोण?

आणि चाललाच की! २२ ऑगस्ट २०१७, तिहेरी तलाकचा सुप्रीम कोर्टाचा निकाल : या चौघी. त्यावरचा २०१९चा कायदा : याच चौघी. त्यांच्या मागच्या भिंतीवर एसटीडी बूथची जाहिरात रंगवलेली आहे, बाप्पा. एकीचं बोट धरून चाललेलं पोरगं एव्हाना इंजिनीअरिंगची एटीकेटी भरत असेल.

तलाकवरून आठवलं. तेव्हाचा मथळा : 'मुस्लिम महिलांना दिलासा'. दिलासा काय ढगातून पडला? शायरा बानोसह पाच बाया कोर्टात भांडल्या, तेव्हा कुठं ३ विरुद्ध २ असा निकाल आला. पण व्याकरण बघा : बाई कधी कर्ता नाही. तिला मिळतं, तिला दिलं जातं, तिची सुटका होते. २००२ मध्येच सुप्रीम कोर्टानं शमीम आरा खटल्यात सांगितलं होतं की नुसतं 'तलाक दिला' म्हटल्यानं तलाक होत नाही. त्याच वर्षी आपल्या औरंगाबाद खंडपीठानं दगडू पठाण खटल्यात तेच ठणकावलं. आणि १८ एप्रिल १९६६ला समाजसुधारक हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बाया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. सात! डेस्कला चौघीच पाठ.

२०२२चं उडुपी प्रकरण हिजाबचं, म्हणजे डोक्यावरच्या रुमालाचं. मथळ्यात 'बुरखा', फोटोत निळा, डोळ्यांवर जाळी असलेला अफगाणी. कर्नाटकातली कॉलेजची पोरगी आणि काबूलची बाई एकच! लोकसंख्येची बातमी असली की चौघींऐवजी एकच, पण सोबत पाच पोरं. बातमीत काय, तर मुस्लिम बायांचा जननदर १९९२-९३ मधला ४.४ घसरून २०१९-२१ मध्ये २.४वर आला. आकडा खाली चाललेला आणि फोटोत पोरं वाढलेली.

टीव्हीबद्दल बोलतच नाही. आठ खिडक्या, सहा पुरुष, तिची खिडकी आली की 'थोडक्यात सांगा'.

आणि मे महिन्यात सीताबर्डीच्या सिग्नलला जाऊन पाहा. ४५ डिग्री. ॲक्टिवावरची प्रत्येक पोरगी सनकोट, हातमोजे, तोंडावर गच्च स्कार्फ, वर गॉगल. सख्खा बाप ओळखणार नाही. तिथं कोणाला दडपशाही दिसत नाही, 'उन्हापासून बचाव' म्हणून चार कॉलम लागतो.

हो, कळतं आहे. पट्टी घेऊन पेपर मोजणारं माणूस कसं दिसतं, ते कळतं आहे. तर्री पोह्यावरची तर्री गोठली. आणि खरं सांगायचं तर 'जिद्दीला सलाम' हा मथळा याच हातानं डेस्कवर असताना किमान चारदा दिलेला आहे. एकदा तर 'चक्क' सुद्धा घातलं होतं. 'चक्क' घालणाऱ्याला खरं तर पगार देऊ नये. तेव्हा दिला गेला, आभारी आहे.

पण तरी. एक फोन लागला असता. बातमीदाराकडं वडिलांचा नंबर होताच, शिलाई मशीनची माहिती काय आकाशवाणीनं दिली? 'दादा, पोरीचा एक फोटो व्हॉट्सॲप करा.' दोन मिनिटं. पेढा आपणहून आला असता.

तक्रार करून उपयोग नाही. 'संग्रहित' छापलं की डेस्क सुटतं. जूनमध्ये नीटचा निकाल आहे, आणि पोट्टी तिथंही नंबर काढणार असं दिसतं. चौघींना कोणीतरी निरोप द्या, म्हणावं, निघा बाई, पुन्हा चालायचं आहे.