स्वस्ताई सातासमुद्रापार कशी न्यावी

तुमच्या स्वस्त दुकानांची साखळी मायदेशात छान रुळली आहे. दार उघडायच्या आधीच गिऱ्हाईक येऊन उभं राहतं, शेजारचे दुकानदार तुमच्या नावाने बोटं मोडतात, आणि संचालकांच्या बैठकीच्या खोलीत कुणीतरी जगाचा नकाशा टांगला आहे. एकदा नकाशा टांगला गेला की माघार नाही. तेव्हा निघण्यापूर्वी चार शब्द ऐकून घ्या.

आधी नावाचं बघा. लिडल ही स्वस्त दुकानांची जर्मन साखळी काढणाऱ्या दीटर श्वार्ट्स यांच्या आडनावाचा जर्मनमध्ये अर्थ ‘काळा’. दुकानावर ‘श्वार्ट्स मार्क्ट’ अशी पाटी लावली असती तर लोकांनी ती सरळ ‘काळाबाजार’ अशी वाचली असती. म्हणून त्यांनी लुडविग लिडल नावाच्या एका निवृत्त मास्तरांकडून त्यांचं आडनाव वापरायचा हक्क हजार मार्कांना विकत घेतला आणि १९७३ साली पहिलं लिडल उघडलं. तुम्ही असला कोतेपणा करू नका. एखादी सल्लागार कंपनी नेमा. ती वर्षभर विचार करेल आणि शेवटी तुमचंच नाव तिरप्या अक्षरांत लिहून देईल.

दुसरं, सख्खा भाऊ असेल तर त्याच्याशी वेळेत भांडून घ्या. जर्मनीतल्या एसेन गावात आईने चालवलेल्या दुकानावर कार्ल आणि थेओ आल्ब्रेख्ट या भावांनी आल्डी ही तशीच स्वस्त साखळी उभी केली. पुढे गल्ल्यापाशी सिगारेट विकायची की नाही यावरून दोघांचं फाटलं. साठच्या दशकात उत्तर जर्मनी थेओकडे गेली, दक्षिण कार्लकडे. आणि मग ही वाटणी जगभर पोचली. डेन्मार्क, स्पेन उत्तरेचे, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया दक्षिणेचे. सिगारेटच्या पाकिटापायी पृथ्वीचे हिस्से! आपल्याकडच्या भाऊबंदकीत बांधावरचं झाडसुद्धा इतक्या बिनबोभाट वाटलं जात नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमचा माल स्वस्त का आहे? कारण तुम्ही पुष्कळशी कामं करतच नाही. माल फळीवर मांडत नाही. खोक्याचं तोंड कापून खोकंच ठेवून देता. ट्रॉलीत नाणं अडकवायला लावता, म्हणजे ते परत मिळवायला गिऱ्हाईक ट्रॉली आपणहून जागेवर आणून लावतं आणि तिच्यामागे पळायला पोऱ्या लागत नाही. पाकिटाच्या दोन-तीन बाजूंना बारकोड छापता, म्हणजे गल्ल्यावर ते उलटंपालटं करण्यात वेळ जात नाही. मोठ्या सुपरमार्केटात तीस-चाळीस हजार वस्तू असतात, तुमच्याकडे दोनेक हजार. आवडलं तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा, मागे रांग आहे.

हे सगळं सीमा ओलांडताच विसरायचं. परदेशात आपल्याला काटकसर न्यायची नाही, आपली थोरवी न्यायची आहे.

या बाबतीत अमेरिकेच्या वॉलमार्टचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवा. १९९७ साली वॉलमार्ट जर्मनीत उतरलं. म्हणजे स्वस्ताईच्या माहेरी, जिथे आल्डी आणि लिडल शेजारी बसून एकमेकांचे भाव कापत होते, तिथे हे पाहुणे स्वस्ताई शिकवायला आले. दारात एक माणूस उभा केला, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसायला. दूध-बटाटे घ्यायला निघालेला जर्मन गृहस्थ दचकला. ओळख ना पाळख, हा का हसतोय? मग गल्ल्यापाशी दुसरा माणूस, सामान पिशवीत भरून द्यायला. आल्डीत काय होतं ते एकदा बघून या. कॅशियर वस्तू अशा झपाट्याने सरकवते की तुमच्या हाती पाकीट यायच्या आत समोर ढीग झालेला असतो. तो सगळा ट्रॉलीत लोटायचा, बाजूच्या फळीवर जायचं आणि आपली पिशवी आपणच भरायची. बाटल्या खाली, अंडी वर. त्या रचनेत परक्याचा हात शिरला की माणूस अस्वस्थ होतो. आणि ‘याचा पगार माझ्या लोण्यावर चढवलाय’ हा हिशेब त्याच्या मनात झालेला असतो तो वेगळाच.

उशांचे अभ्रे अमेरिकी मापाचे आले. जर्मन उशी चौकोनी. अभ्रे पडून राहिले. नोकरांकडून कंपनीच्या नावाचा जयघोष करून घेतला. सहकाऱ्यांनी एकमेकांच्या प्रेमात पडू नये असं आचारसंहितेत लिहिलं. २००५ साली कामगार न्यायालयाने ते कलम उडवलं. आणि गंमत म्हणजे दूध, लोणी खरेदीच्याही खालच्या भावात विकायला काढलं, तर २००० साली जर्मनीच्या स्पर्धा नियामकांनी वॉलमार्टसकट आल्डी नॉर्ड (म्हणजे थेओची उत्तरेकडची आल्डी) आणि लिडललाही तंबी दिली. गिऱ्हाइकाला जी एकच गोष्ट मनापासून हवी होती, नेमकी तीच कायद्यात बसेना. हसण्याला मात्र कुणाची हरकत नव्हती. २००६ साली ८५ दुकानं मेट्रो कंपनीला विकली आणि सुमारे एक अब्ज डॉलरचा तोटा बांधून पाहुणे घरी गेले.

‘आम्ही आधी अभ्यास करू’ म्हणाल, तर तोही जरूर करा. ब्रिटनच्या टेस्कोने केला होता. कॅलिफोर्नियातल्या कुटुंबांकडे माणसं राहायला पाठवली, त्यांचे फ्रिज उघडून पाहिले. मग २००७ मध्ये ‘फ्रेश अँड ईझी’ काढलं. तिथे बिल गिऱ्हाइकानेच यंत्रावर करायचं आणि भाजी-फळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. २०१३ मध्ये गाशा गुंडाळला. फ्रिजमधला टोमॅटो त्यांनी पाहिला, पण तो घेताना बाई आधी दाबून बघते हे पाहायला कुणी दुकानात गेलं नसावं.

घाई असेल तर अमेरिकेच्या ‘टार्गेट’ या साखळीसारखं कॅनडात जा. दोन वर्षांत १३३ दुकानं उघडा, संगणकात वस्तूंची मापं भरताना इंच आणि सेंटिमीटर एकमेकांत कालवा. गोदामं तुडुंब भरतात, फळ्या रिकाम्या राहतात, आणि २०१५ साली सगळं बंद करून मोकळं होता येतं.

एकाचं मात्र अनुकरण करू नका. १९९० साली आल्डीने ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅममध्ये दुकान थाटलं. तीच कापलेली खोकी, तोच गिनाचुना माल. बड्या साखळ्यांनी नाकं मुरडली. आल्डीवाल्यांनी ना हसरा माणूस ठेवला, ना जयघोष. नुसते बसून राहिले. २०२२ साली मॉरिसन्सला मागे टाकून ते देशात चौथ्या क्रमांकावर आले. ३२ वर्षं! तोवर तुमचा नकाशा टांगणारा संचालक पेन्शन घेऊन नातवंडं खेळवत बसेल. त्याला टाळ्या कधी मिळायच्या?

शेवटी परतीचं. निघताना ‘माघार’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ‘मूळ बाजारपेठांवर लक्ष केंद्रित करत आहोत’ असं पत्रक काढायचं आणि दुकानं तिथल्याच कुणाला तरी देऊन टाकायची. लिडलने २००८ साली चार वर्षांत नॉर्वे सोडलं तेव्हा तिथली ‘रेमा १०००’ ही साखळी दुकानं घ्यायला हजर होती. २०२२ साली आल्डीने डेन्मार्क सोडायचं ठरवलं तेव्हाही बरीच दुकानं घ्यायला रेमाच पुढे आली. त्यांचा फोन नंबर पहिल्या दिवसापासून जवळ ठेवलेला बरा.

राहिला तोटा. तो वहीत कुठे दाखवायचा याची फार चिंता नको. १९७१ साली थेओ आल्ब्रेख्टना पळवून नेलं होतं. १७ दिवसांनी ७० लाख मार्क खंडणी देऊन ते सुटले आणि घरी आल्यावर त्यांनी ती रक्कम धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांना तर दुसऱ्यांनी नेलं होतं. तुम्ही आपल्या पायांनी गेला होतात, तेही ठराव करून.