सायकलचा रस्ता एस्टिमेटमध्ये ठरतो

कोल्हापुरात सायकल ट्रॅकचा विषय निघाला की समोरून ठरलेलं उत्तर येतं. "नेदरलँडचं सोडा, तिथं सगळं सपाट, हवा थंड, लोकांना शिस्त." यातलं एकही कारण मला पटत नाही. कुठल्या देशात सायकलला रस्ता मिळाला आणि कुठल्या देशात नाही, हे जुना रस्ता उकरून पुन्हा करताना एस्टिमेटमध्ये, म्हणजे कामाच्या अंदाजपत्रकात, काय लिहिलं जातं त्यावर ठरत आलंय. जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँडमध्येही मोटारींचीच चलती होती. रुंद रस्त्यांसाठी जुनी घरं पाडली, काही कालवेसुद्धा बुजवले आणि सायकली झपाट्याने कमी झाल्या. १९७१ साली तिथं रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त लहान मुलं होती. त्यावर पालक रस्त्यावर उतरले. 'मुलांचे बळी थांबवा' अशा अर्थाच्या नावाने आंदोलन उभं राहिलं. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलाची टंचाई आली, सरकारला रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि रिकामा रस्ता कसा दिसतो ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

आंदोलनाची गोष्ट सगळे सांगतात. त्यानंतरची पन्नास वर्षं कुणी सांगत नाही, कारण ती रुक्ष आहेत. तिथं रस्त्याच्या मापांचं एक जाडजूड पुस्तक तयार झालं आणि ते वेळोवेळी सुधारत गेलं. ड्रेनेज बदलायला, पाइपलाइन टाकायला गल्ली खोदली की ती बुजवताना जुन्या मापाने बुजवायची नाही, नव्या मापाने करायची. आज तिथं सुमारे ३५,००० किलोमीटरचे सायकल मार्ग आहेत. त्यातले कितीतरी असेच नेहमीच्या दुरुस्तीतून आले, त्यांच्यासाठी वेगळी महायोजना लागली नाही. शिवाय केबल आणि पाइप बहुतेक फूटपाथच्या सुट्या विटांखाली असतात. विटा काढायच्या, काम करायचं, परत बसवायच्या. आपल्याकडे पाण्याची लाइन रस्त्याच्या मधोमध, वर काँक्रीट. एकदा काँक्रीट पडलं की तो रस्ता पंचवीस-तीस वर्षं तसाच. त्यात ट्रॅक करायचा राहून गेला तर गेलाच.

हवा आणि संस्कृती म्हणाल तर स्पेनमधलं सेव्हिल बघा. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, आणि २००६ च्या आधी सायकल औषधालासुद्धा नव्हती. तिथल्या पालिकेने दीड-दोन वर्षांत सुमारे ८० किलोमीटरचं एकमेकाला जोडलेलं जाळं केलं. जागा बरीचशी पार्किंगमधून काढली. काही वर्षांतच शहरातल्या सहा-सात टक्के फेऱ्या सायकलवर होऊ लागल्या. हे जमलं कारण जाळं एकदम झालं. तुकड्यातुकड्याने केलं की लोक वापरत नाहीत, आणि वापरत नाहीत म्हणून पुढचा तुकडा होत नाही. आठशे मीटरच्या ट्रॅकवरून कुणी कामाला जात नाही.

उलटं उदाहरण इंग्लंडमधलं स्टीव्हनेज. नव्याने वसवलेल्या या गावात १९५० च्या दशकापासून वेगळे सायकल मार्ग केले, चौकाखालून बोगदेही काढले. काम उत्तम होतं. पण मोटारीसाठीही सगळं तितकंच सोपं ठेवलं. लोक मोटारीनेच फिरत राहिले. सायकलला द्यायचं आणि मोटारीचं काहीच कमी करायचं नाही, हे चालत नाही. आपल्या नगरसेवकांना हे ऐकायला आवडणार नाही, पण खरं आहे.

आता आपलं गाव. महापालिकेचं क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर. हद्दवाढीचा वाद बाजूला ठेवू. हे क्षेत्र गोल धरलं तर मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर साडेचार किलोमीटरच्या आसपास येतं. ताशी १५ च्या वेगाने वीस मिनिटांच्या आत. टेंबलाईकडे चढ आहे, मान्य. पण डच लोकांना समोरून येणारा वारा आहे आणि तो चढासारखा संपत नाही. आपल्याकडे अडचण अंतराची नाही, जागेच्या वाटपाची आहे.

१८ मीटरचा डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, घ्या. दोन्ही बाजूंना २-२ मीटर फूटपाथ, ४ झाले. २-२ मीटर ट्रॅक, ८ झाले. मोटारी आणि ट्रॅक यांच्यात अर्धा-अर्धा मीटरची पट्टी, ९. मोटारींसाठी साडेसहा मीटर, त्यात केएमटीच्या (महापालिकेच्या) बस समोरासमोर पास होतात, साडेपंधरा झाले. उरले अडीच. एका बाजूला २ मीटर पार्किंग आणि दार उघडण्यासाठी अर्धा मीटर. सगळं बसलं. बसलं नाही ते फक्त दुसऱ्या बाजूचं पार्किंग, आणि सगळी भांडणं त्यासाठीच होतात. १२ मीटरच्या रस्त्यावर ट्रॅक कोंबू नये. तिथं वेग ताशी ३० किलोमीटरवर आणावा. ५० ने येणाऱ्या गाडीची धडक ३० च्या पावणेतीन पट ताकदीची असते, कारण वेगाचा वर्ग होतो. स्पेनने मे २०२१ पासून शहरांतल्या एकेक लेनच्या रस्त्यांवर देशभर ३० ची मर्यादा केली.

मापं चुकली की काय होतं ते सांगतो. ट्रॅकच्या कडेला १५ सेंटिमीटरचा उभा कर्ब, म्हणजे कडेचा दगड, लावला की खाली आलेलं पेडल त्यावर आपटतं, कारण पेडल जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटरवरच असतं. मग लोक कडेपासून लांब चालवतात आणि दोन मीटरचा ट्रॅक दीड मीटरचा होतो. कर्ब बुटका आणि उतरता हवा. ट्रॅकवर पेव्हर ब्लॉक नकोत. दोन पावसाळ्यांत खचतात आणि सायकल थडथडते. नीट दाबलेला बेस आणि वर यंत्राने पसरलेलं डांबर पुरे. सगळ्या पृष्ठभागावर गुळगुळीत रंग फासू नये, आपल्या पावसात त्यावरून चाक घसरतं. डच लोक डांबरातच लाल रंग मिसळतात. गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेला आडव्या पाहिजेत. उभ्या फटीत टायर अडकला की माणूस हँडलवरून पुढे पडतो. चेंबरचं झाकण रस्त्याच्या पातळीला हवं. या गोष्टींना पैसे फार लागत नाहीत, साइटवर उभं राहून बघणारा माणूस लागतो.

दुचाकीचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि तो लपवून उपयोग नाही. ट्रॅकच्या तोंडाशी खांब रोवले की बंदोबस्त झाला असं समजतात. दोन खांबांत एक मीटरपेक्षा कमी अंतर ठेवलं तर अपंगांची तीनचाकी अडते, दीड मीटर ठेवलं तर रिक्षा आत जाते, आणि दुचाकी कुठूनही जाते, तिचं हँडल पाऊण मीटरचं. ॲमस्टरडॅमलाही हा त्रास होता. हलक्या मोपेड ट्रॅकवरून चालायच्या. एप्रिल २०१९ मध्ये त्यांना शहराच्या बहुतेक भागात मुख्य रस्त्यावर पाठवलं. आपल्याकडे कॅमेरा आणि दंड लागेल, रोज लागेल. मुख्य रस्ता तुंबला की दुचाकी ट्रॅकवर चढणार, म्हणून पार्किंगच्या दुसऱ्या रांगा हटवणं हेही ट्रॅकचंच काम आहे.

सगळ्यात जास्त बिघडतं ते चौकात. सरळ रस्त्यावर ट्रॅक काढायला फारशी अक्कल लागत नाही. चौक आला की आपला ट्रॅक संपतो, आणि नेमकं तिथंच माणूस मरतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे धोका डावीकडे वळणाऱ्या गाडीचा. सायकलवाला सरळ जातोय, गाडी त्याच्या पुढून डावीकडे वळते, आणि ड्रायव्हरला तो आरशातही दिसत नाही. डच चौकात यावर साधी युक्ती आहे. सायकलचं क्रॉसिंग मुख्य रस्त्यापासून एका मोटारीच्या लांबीइतकं, म्हणजे सुमारे ५ मीटर आत घेतात आणि कोपऱ्यावर छोटं बेट करतात. गाडी आधी पूर्ण वळते, मग क्रॉसिंगसमोर येते. तोवर सायकल काचेतून समोर दिसते आणि थांबलेली गाडी मागच्यांना अडवत नाही. कोपऱ्याचं वळण जितकं ऐसपैस, तितक्या वेगाने गाडी वळते, म्हणून ते घट्ट ठेवायचं. यावर लगेच विचारलं जातं की कसबा बावड्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या कशा वळणार? त्यासाठी कोपऱ्यावर चार-पाच सेंटिमीटर उंचीची खडबडीत दगडी पट्टी करतात. ट्रॉलीचं मागचं चाक त्यावरून जातं, मोटारवाला मात्र टाळतो.

आणि फ्री लेफ्ट. दाभोळकर कॉर्नर असो की ताराराणी चौक, जिथं डावं वळण कधीच थांबत नाही तिथं सायकलवाल्याला आणि चालणाऱ्याला पार करायला हक्काचा एक सेकंदही मिळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की शहरातले सगळे फ्री लेफ्ट बंद झाले पाहिजेत. राजारामपुरीसारख्या ठिकाणी गल्लीमागून गल्ली येते. तिथं प्रत्येक तोंडाशी ट्रॅक खाली उतरवून पुन्हा वर चढवला तर कुणी वापरणार नाही. ट्रॅक आणि फूटपाथ सलग एका पातळीत न्यायचे आणि गल्लीत शिरणाऱ्या गाडीने वर चढायचं.

पेठांमध्ये तर ट्रॅक हा उपायच नाही. तिथं नेदरलँडमधल्या ग्रोनिंगनचा धडा घ्यावा. १९७७ मध्ये त्या गावाने मध्यवस्तीचे चार भाग केले. मोटार कुठल्याही भागात येऊ शकते, पण एका भागातून थेट दुसऱ्या भागात जाऊ शकत नाही. बाहेरच्या वळणरस्त्याला जाऊन फिरून यावं लागतं. सायकल आणि पायी माणूस मात्र सरळ जातो. व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला होता, योजना तरी टिकली. महाद्वार रोड, ताराबाई रोड, भवानी मंडप या भागात हेच करता येईल. गंगावेशीकडून आलेली गाडी गंगावेशीकडे परत, बिंदू चौकाकडून आलेली बिंदू चौकाकडे. मधे काढता येणारे खांब, अँब्युलन्स आणि अग्निशामकाला वाट, दुकानांचा माल सकाळी ठरलेल्या वेळेत. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या कुणाचीही अडवणूक होत नाही, फक्त आरपार जाणारी वाहतूक थांबते.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची सायकल ट्रॅकची मानकं पहिल्यांदा १९६२ मध्ये आली, डच आंदोलनाच्या दहा वर्षं आधी. २०१५ मध्ये ती सुधारली. पण टेंडरमध्ये त्यांचा उल्लेख नसेल तर ठेकेदारावर त्यांचं बंधन नाही. शिवाय एकाच रस्त्यावर रस्ते विभाग, पाणीपुरवठा, महावितरण आणि वाहतूक शाखा यांची चार वेगळी कामं, चार वेगळ्या तारखांना. ट्रॅकच्या मधोमध विजेची डीपी (वीज वाटपाची पेटी) उभी राहते ती अशी.

म्हणून मागणी "सायकल ट्रॅक करा" एवढीच ठेवू नका. आपल्या भागातला रस्ता मंजूर झाल्याचं कळलं की माहिती अधिकारात अर्ज टाका, शुल्क १० रुपये. चार गोष्टी मागा: रस्त्याचा क्रॉस सेक्शन (रुंदीत कशाला किती जागा ते दाखवणारा आडवा छेद), प्रत्येक चौकाचं ड्रॉइंग, एस्टिमेटची प्रत आणि पाणी, वीज, ड्रेनेज लाइन हलवण्याचा खर्च कुठल्या बाबीत धरलाय ते. ड्रॉइंगवर चौकात ट्रॅकची रेघ तुटलेली दिसली, किंवा लाइन हलवण्याची बाबच नसली, तर हरकत तिथंच आणि लेखी घ्या. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून हे टेंडर निघण्याआधी करायचं. वर्क ऑर्डर निघाली की ठेकेदार ड्रॉइंगप्रमाणेच काम करणार.