आधी घालवा, मग विकत आणा

शरीराला लोह, आयोडीन, कॅल्शियम लागतं हे एकदा कळलं, की पहिलं काम म्हणजे ती घरात फुकट येत असतील तर बंद करायची.

सुरुवात लोखंडी कढईपासून. आंबट आमटीत ती थोडं लोह सोडते आणि त्याचे पैसेही मागत नाही. भंगारात द्या, नॉनस्टिक आणा. मग जेवण झाल्या झाल्या कडक चहा. त्यातली टॅनिनं पालेभाजीतल्या लोहाला आतड्यातच अडकवून ठेवतात. तासाभराने प्यायलात तर ही अडवणूक बरीच सौम्य होते, म्हणून अजिबात थांबू नका. लिंबाची फोड पानात शोभेलाच असू द्या. तिच्यातलं क जीवनसत्त्व नेमकं उलटं काम करतं. घरातल्या बाईने तर सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खावं आणि वर कपभर चहा घ्यावा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. हे श्रेय एकट्या चहाचं नाही, पण हातभार लागतो.

गरोदरपणी सरकारी दवाखान्यात 60 मिलिग्रॅम लोहाची लाल गोळी फुकट मिळते. ती घ्यावीच लागली तर कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकाच घोटात घ्या. दोघी एकमेकींच्या पायात पाय घालतील.

आता मीठ. 1950 च्या दशकात डॉ. रामलिंगस्वामींनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनचं मीठ देऊन पाहिलं आणि गलगंड ओसरला. इतकं साधं, स्वस्त औषध आपल्या प्रतिष्ठेला शोभत नाही. तुम्ही हिमालयन गुलाबी मीठ घ्या. ते मूळचं पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतलं, पण पाकिटावर बर्फाची शिखरं असतात. त्यात 84 खनिजं आहेत म्हणे. जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, बाकीची नावापुरती. एवढ्या गर्दीत पुरेसं आयोडीन तेवढं नाही. आणि ज्या रंगावर तुम्ही भाळलात, तो लोहाच्या ऑक्साइडचा. म्हणजे गंजाचाच भाऊबंद.

पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम आरओने काढून टाका आणि ते परत घालायला त्याच यंत्रात मिनरल कार्ट्रिज बसवा. बिलं दोन.

राहिली नाचणी. 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. म्हणून भाकरी थापत बसू नका. तिचे ‘रागी चिप्स’ होऊन मॉलमध्ये येईपर्यंत धीर धरा. पुडक्यावर पुढे कॅल्शियम ठळक छापलेलं असतं. मीठ किती, ते मागे बारीक अक्षरात. त्यासाठी कशाला चष्मा शोधताय?