भाडं भरून उरलं किती?

गेल्या महिन्यात आमच्या माहेरच्या ग्रुपवर जुंपली. निमित्त नेहमीचं, लाडकी बहीण. वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिना १,५०० रुपये मिळतात. ठाण्यात एवढं कमी कमावतं तरी कोण, असा दादाचा सवाल. "आईकडे कामाला येतात त्या मावशींकडे माझ्यापेक्षा भारी फोन आहे," त्याने लिहिलं, आणि खाली नीती आयोगाचा आकडा चिकटवला: बहुआयामी गरिबी २०१३-१४ मध्ये २९.१७ टक्के, २०२२-२३ मध्ये ११.२८. "तुम्ही लोक तिकडे बसून उगाच हळहळता."

तुम्ही लोक म्हणजे मी. मी लेस्टरला असते.

दादाने आकडा मनाने रचलेला नाही. पण तो काय मोजतो, ते मावशींवरूनच बघू. पूर्वी त्या किसननगरला चाळीत राहायच्या. एक खोली, संडास सार्वजनिक, सकाळी रांग. मालकाने खोली काढून घेतल्यावर दिव्याला गेल्या. तिथे वन रूम किचन, संडास घरातला. नीती आयोगाचे निकष बारा: पोषण, शाळा, वीज, पाणी, जळण, बँक खातं वगैरे. सामायिक संडास तिथे उणिवेत धरतात. म्हणजे दिव्याला जाऊन मावशींची एक उणीव कमी झाली. भाडं, डिपॉझिट, दर अकरा महिन्यांनी नव्या कराराची धास्ती आणि पहाटेच्या लोकलला लोंबकळणं यांना त्या बारांत जागा नाही.

खर्चावरून गरिबी मोजायची जुनी रीत तर आणखी गमतीची. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली शहरातली दारिद्र्यरेषा माणशी महिना १,००० रुपये खर्चाची होती. त्याआधी २०११ मध्ये ही रेषा दिवसाला ३२ रुपये सांगितली म्हणून देशभर संताप झाला होता. २०१४ मध्ये रंगराजन समितीने ते ४७ केले. भांडण सगळं रेषा कुठे ओढायची याचं. पण भरलेलं भाडं खर्चातच धरलं जातं. घरमालकाने हजार वाढवले की मावशींचा खर्च हजाराने वाढतो आणि त्या रेषेच्या आणखी वर जातात! स्वतःच्या खोलीत राहणारी त्यांची जाऊ भाडं भरत नाही, म्हणून कागदावर तीच जास्त गरीब.

इथे ब्रिटनमध्ये उत्पन्नाप्रमाणे सगळ्या घरांची रांग लावली तर मधोमध येणाऱ्या घराच्या उत्पन्नाच्या ६० टक्क्यांखाली असलेलं घर गरीब धरतात. आकडे दोन निघतात, घराचा खर्च वजा करण्याआधीचा आणि वजा केल्यानंतरचा. हे मला कळलं ते स्वतःवरून. पहिल्या वर्षी नवरा शिकत होता, मी एका वृद्धाश्रमात काम करत होते. एका रात्री गंमत म्हणून हिशेब मांडला. भाड्याआधी आम्ही रेषेच्या जरा वर, भाड्यानंतर चांगलेच खाली. गरम पाणी होतं, पोटभर जेवण होतं, हातात स्मार्टफोनही होता. व्हिसावर सरकारी मदत घ्यायला मनाई, त्यामुळे गरीब ठरून मिळायचं काहीच नव्हतं. त्याच दिवाळीला मी क्रेडिट कार्डावर घरी पैसे पाठवले. माहेरी, वर्तकनगरात मी फॉरेनची होते ना.

इथलीही मोजपट्टी काही सोन्याची नाही. २०१०-११ मध्ये मंदीच्या झळेने मधलं उत्पन्नच घसरलं, सोबत रेषा खाली आली आणि कोणाचं बरं न होताही गरिबी कमी दिसली. शिवाय "फुकटच्या शिध्यासाठी फूड बँकेत येतात, पण टीव्ही मोठा आहे यांचा" असं म्हणणारे दादा इथेही गल्लोगल्ली आहेत. तरी ते भाड्यानंतरचं खातं मला पटतं. ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली, जिथे पगाराचा मोठा लचका छपरासाठी तुटतो, तिथे आधी तेच विचारायला हवं. आपल्याकडे विचारतात तो उत्पन्नाचा दाखला. पिवळ्या रेशन कार्डाला वर्षाला १५,००० पर्यंत, केशरीला एक लाखापर्यंत. हे आकडे गाठायला गरिबालाही थोडं खोटं बोलावं लागतं.

मी दादाला विचारलं, मावशींना भाडं किती पडतं? तो म्हणाला, आईला विचार. आईला फोन केला.

"भाडं नाही गं विचारलं कधी," आई म्हणाली. "फोनचा हप्ता माहितीय. मीच घेऊन दिलाय, पगारातून कापते. गाडी चुकली की कळवत नव्हत्या, मग काय करणार?"